आमच्या घरात 'छान' म्हणायचं नाही

आमच्या घरात 'छान' ही शिवी आहे. बाकीच्या चालतात. 'गाढव' चालतं, 'आळशी' तर रोजचंच, आणि एकदा संतापाच्या भरात मी ह्यांना 'बिनडोक' म्हणाले होते, तेही ह्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. पण ह्यांच्या चित्राला कुणी छान म्हटलं की ह्यांचा चेहरा बघावा. नवा बूट चावत असताना माणूस हसून बोलतो ना, तसा.

आमचे हे चित्रकार. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि घरी आल्यावर मागच्या खोलीचं दार लोटून स्वतःची चित्रं काढली. ती मागची खोली खरं तर माझी, सामानाची. लग्नानंतर आधी एक ईझल आत गेलं, मग टेबल, मग रंगांच्या नळ्या, आणि बघता बघता माझे डबे बाहेर आले. बोट दिलं की मनगट धरायचं, ही ह्यांची जुनी खोड. तेलरंगाच्या वासाने माझं डोकं उठायचं म्हणून पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक रंग वापरायला लागले, तेवढे उपकार मात्र माझ्यावर आहेत.

आणि ब्रश! ह्या माणसाने कधी ब्रश धुतला असेल तर शपथ. काम झालं की हाताला लागेल त्या भांड्यात पाणी घालून ब्रश उभे करायचे, आणि हाताला नेमके माझे काचेचे ग्लास लागतात. पाहुण्यांसाठी ठेवलेले, पातळ काचेचे, सोनेरी कडेचे. सकाळी ओट्यापाशी जावं तर ग्लासात जांभळं पाणी आणि त्यात तीन ब्रश डोकं खाली घालून उभे. मग माझा तोंडाचा पट्टा सुरू. शेजारच्या बाई म्हणतात, तुमचा आवाज आला की आम्ही गॅस पेटवतो, घड्याळ बघायला नको.

तर 'छान'चं सांगत होते. लग्न होऊन थोडेच दिवस झाले असतील. ह्यांनी पहिल्यांदा मला चित्र दाखवलं. एक खोली, कोपऱ्यात जुनं कपाट, वर पेट्या. मी नवी नवरी, म्हटलं, "छान आहे."

"छान?" हे म्हणाले. "चहा छान, हवा छान, शेजारीण छान, आणि चित्रही छान. मग माझ्या चित्रात आणि चहात फरक काय?"

आता माझ्या माहेरी कुणी कधी मोजूनमापून बोललेलं नाही. आमची आई बाजारात दुधी हातात घेऊन दुकानदाराच्या तोंडावर म्हणायची, "दुधी आहे की उशी?" तिच्याच पोटची मी. माझं डोकं फिरलं. "चहात साखर तरी असते," मी म्हटलं. "तुमच्या चित्रात हवासुद्धा नाही. कुबट आहे ते. आत गेलं तर शिंका येतील."

 मला वाटलं, झालं, संसार आटोपला. पण हे वळले, ब्रश उचलला आणि त्या खोलीच्या खिडकीचं एक दार किलकिलं केलं. बोटभर उजेड आत घेतला, बास. तेवढ्याने ते कपाट जागं झालं. मग चित्र उलटं करून मागे पेन्सिलीने लिहिलं, 'कुबट', आणि पुढे कोपऱ्यात सही केली.

तेव्हापासूनचा आमचा रिवाज. चित्र झालं की आधी मी बघायचं. एक शब्द द्यायचा. खरा द्यायचा, गोड नाही दिला तरी चालेल. आणि एकदा दिलेला शब्द पुन्हा द्यायचा नाही. शब्द लागला तर हे पुन्हा ब्रश उचलतात, मानवला तर सही करतात, पण शब्दाशिवाय सही नाही. तुम्हाला गंमत वाटेल, पण करून बघा. सुरुवातीला सोपं होतं. भडक, फिक्कट, मोकळं, कोंदट, असे शब्द हाताशी होते. ते संपले तशी मी स्वयंपाकघरात शिरले. सपक, तुरट, खमंग, करपलेलं. मुख्याध्यापकांचं चित्र काढलं होतं त्याला मी 'तुपकट' म्हटलं, तर हे इतके हसले की खुर्ची मागे कलंडली. एका नदीच्या चित्राला 'सुस्तावलेलं'. एका रस्त्याच्या चित्राला 'गुळमुळीत', कारण तो रस्ता कुठे जायचं तेच ठरवत नव्हता. ह्यांची धाकटी बहीण, बेबी, तिचंही चित्र काढलंय ह्यांनी. वय साठीला आलं तरी घरात ती बेबीच. त्या चित्राच्या मागे 'फुगलेलं' लिहिलंय. हे आम्ही बेबीला कधी सांगितलं नाही. बेबीचा स्वतःचा शब्दकोश एका शब्दाचा. काहीही दाखवा, "छान आहे हो दादा!" तिचं छान मात्र ह्यांना चालतं. मला ते अन्यायाचं वाटायचं.

गेल्या वर्षी ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चमच्याला कळलं, मग कपबशीला. बशी खडखडायला लागली की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी एक दिवस तो टीव्ही बंद करून ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, औषधाने आटोक्यात राहील, पण पूर्ण जाईल असं सांगत नाही. हात चालता ठेवा, चित्रं काढता ना, काढत राहा.

हे घरी आले आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरून. माझे ग्लास कपाटात लख्ख उभे राहिले. मी रोज ते दार बघत होते आणि गप्प होते. मी गप्प! शेजारच्या बाई चौकशी करून गेल्या, बरं नाही का म्हणून.

मग आमचे फ्रेमवाले आले. ह्यांचे जुने स्नेही. ह्यांच्या सगळ्या चित्रांना त्यांच्याच दुकानातून चौकटी लागल्यात. दुकानाच्या वर लांबट हॉल आहे, तो त्यांनी रंगवून घेतला होता आणि ओळखीच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं मनात घेतलं होतं. "एकच अट आहे," ते म्हणाले. "चित्र नवीन हवं. तुमची जुनी सगळी मला पाठ आहेत, खिळ्यासकट."

हे नको नको म्हणत होते. हाताचं कारण सांगितलं नाही, आणखी दहा सांगितली. फ्रेमवाले ऐकून घेत बसले, दुसरा चहा मागितला, तिसरा मागितला. शेवटी ह्यांनी हो म्हटलं, बहुतेक माझं दूध वाचवायला.

पुन्हा मागची खोली उघडली. मी इतकी खूश झाले की भाजीत दोनदा मीठ घातलं. हे म्हणाले, "भाजी आहे की समुद्र?" आणि आम्ही दोघं हसलो. सगळं पूर्ववत झालं असं मी धरून चालले.

एका दुपारी बेबी आली होती. ती मागच्या खोलीत ह्यांच्याशी बोलत होती आणि मी चहा घेऊन चालले होते. दार अर्धवट होतं. हे म्हणत होते, "हे जमलं, बेबी, तर काढत राहीन. नाही जमलं तर बास. उगाच रेघोट्या ओढत बसायचं नाही मला. तिला दाखवीन. ती काय म्हणते त्यावर ठरेल."

ट्रे हातात घेऊन मी तिथेच उभी. अहो, म्हणजे ह्या माणसाने सगळं माझ्या जिभेवर टांगलं! ह्यांचे हात, ह्यांचे दिवस, इतक्या वर्षांचं वेड, सगळं माझ्या एका शब्दावर. चहा निवला. मी परत जाऊन गरम केला आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने आत नेला.

चित्र झालं त्या दिवशी ह्यांनी मला बोलावलं. नेहमीची पद्धत अशी, की मी मोडक्या हाताच्या खुर्चीत बसायचं, ह्यांनी चित्रावरचं फडकं काढायचं आणि खिडकीशी पाठ करून उभं राहायचं. माझ्याकडे बघायचं नाही. मला घाई करायची नाही. तसे हे उभे राहिले. उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता पाठीमागे, आणि दोन्ही हात हलत होते.

मी चित्र बघितलं. आमचंच स्वयंपाकघर. ओटा, गॅसवर चढवलेली आमची निळी किटली, टवका उडालेली, शेजारी दोन ग्लास, मागे खिडकी. सगळं जागच्या जागी. ओट्याची कड पट्टीने ओढलेली. हो, पट्टीने! पट्टी धरणाऱ्या मुलांना ह्यांनी जन्मभर वर्गाबाहेर काढलं आणि स्वतः पट्टी. किटलीला कुठे एक सलग रेघ नव्हती, बारीक बारीक ठिपक्यांनी जपून जपून भरून काढली होती. आणि जिथे जिथे हात हलला असेल तिथे तिथे वर राखाडी धुकं पसरलं होतं. स्वयंपाकघरात धुकं! आमच्या स्वयंपाकघरात धूर होतो, धुकं कधी झालेलं नाही.

शब्द माझ्या जिभेवर आला होता. बघताक्षणीच आला होता. खरा शब्द येतो तेव्हा तो विचारून येत नाही. पण समोर ती पाठ होती. घरातल्या सदऱ्याची, खांद्यापाशी जरा वाकलेली, वाट बघणारी.  मी तो शब्द गिळला आणि म्हणाले,

"छान आहे हो."

बोलले आणि माझं मलाच कळलं. तोंडातून निघालेलं माघारी घेता येत नाही.

हे वळले. चिडतील असं मला वाटलं, चिडले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "बरं." चित्रावर फडकं टाकलं. आणि मग सगळे ब्रश गोळा करून मोरीत गेले आणि साबण लावून धुतले. एकेक ब्रश, बोटांनी केस मोकळे करत, नळाखाली. मग फडक्यावर ओळीने वाळत घातले. इतकी वर्षं मी ज्यासाठी घसा फोडला ते हे न सांगता करत होते, आणि मला रडू फुटत होतं.

त्यानंतर हे सज्जनासारखे वागायला लागले. त्याच्याइतका छळ नाही. जेवायला वाढलं की, "भाजी छान झालीय." मी मुद्दाम अळणी केली. "छान." दुसऱ्या दिवशी करपवली. पार कोळसा. ह्यांनी खाल्ली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान होती." मी मोरीत जाऊन कढई अशी आपटली की तिचा कान निखळला. माणसाला चिडवून चिडवून दमले मी, पण हा भिंतीसारखा. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

बेबी आली ती पिशवी घेऊनच आली. ह्यांनी तिला फोन करून सांगितलं होतं, तुमच्या मंडळात बायका ग्लासपेंटिंग शिकतात ना, त्यांना माझे ब्रश घेऊन जा. हे आत पडले होते. मी बेबीला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. मग तिच्यावरच उखडले. "तू ऊठसूट छान म्हणतेस, तुझं चालतं! मी जन्मात दुसऱ्यांदा म्हटलं तर हे ब्रश वाटायला निघाले!"

बेबी शांतपणे ब्रश पिशवीत भरत होती. "वहिनी, माझ्याकडे एकच शब्द आहे," ती म्हणाली. "मला चित्रातलं काही कळत नाही, दादालाही ते ठाऊक आहे. मी छान म्हणते म्हणजे दादा, तू मला आवडतोस, एवढंच. तुझ्याकडे शब्दांचं गोदाम आहे. तू छान म्हटलंस म्हणजे त्याला कळलं, की ही गोदामाला कुलूप लावून बसली."

"पण चित्र चांगलं नाहीये गं. खरं कसं सांगू? हात असा हलतोय त्यांचा."

"माझ्या चित्राच्या मागे काय लिहिलंय, माहितेय मला," बेबी म्हणाली.

मी उगाच ओटा पुसायला घेतला.

"माझ्याच भिंतीवर आहे ना ते? जळमटं काढताना मीच उतरवते. 'फुगलेलं'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला, फोन उचलला होता तुला झापायला. मग चित्र नीट बघितलं. खरंच फुगले होते मी. दादाने तासन्‌तास हलू दिलं नव्हतं मला, नाक खाजलं तरी. घरी येणारा प्रत्येक जण त्या चित्राला छान म्हणतो. मला मात्र त्यात मी दिसते." तिने पिशवीचा बंद ओढला. "बघ बाई. मला आपलं वाटलं ते बोलले."

बेल वाजली. फ्रेमवाले होते, चित्र न्यायला. हातात जुनी चादर, बगलेत दोरी.

हे बाहेर आले, दाढी वाढलेली. मागच्या खोलीत आम्ही चौघं दाटीवाटीने उभे राहिलो. ह्यांनी फडकं काढलं. "सही नाहीये," हे म्हणाले. "तशीच न्या. तुम्हाला हो म्हटलं होतं म्हणून देतोय. हे शेवटचं."

फ्रेमवाल्यांनी चित्राकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग गळा खाकरून म्हणाले, "छान आहे."

"छान आहे हो दादा," बेबी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

फ्रेमवाले चादर पसरायला लागले. चादरीचं टोक त्या किटलीवर आलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"थांबा!" मी ओरडले. "न्यायचं नाही ते. भित्रं आहे!"

 बेबी हळूच म्हणाली, "भित्रं चित्र. यमक जुळलं." तिला अशा वेळी सुचतं असलं.

"काय म्हणालीस?" हे म्हणाले.

"भित्रं. भेदरट. त्या दिवशीच आलं होतं तोंडात, मी गिळलं. ही किटली बघा! कुणी रागावेल म्हणून अंग चोरून बसलीय. ही आपली किटली आहे? आपली किटली कधी अशी बसलीय? आणि ओट्याची कड पट्टीने ओढलीत तुम्ही, पट्टीने! लाज नाही वाटत? आणि हे धुकं कसलं? माझ्या स्वयंपाकघरात धुकं! हात हलला की धुकं, हात हलला की धुकं. ब्रश आहे की पांघरूण?"

ह्यांचा चेहरा लाल झाला. कितीतरी दिवसांनी झाला. "हात थरथरतो माझा!" हे ओरडले. "दिसत नाही तुला? थरथरतो! सरळ रेघ येत नाही! काय करू मी?"

"मग थरथरू दे!" मी त्यांच्या वरताण ओरडले. "किटली उकळतेय ना ती? उकळत्या किटलीचं झाकण काय पुतळ्यासारखं बसतं? खडखडतं ते! रोज सकाळी ऐकता की! सरळ रेघ कुणी मागितलीय तुमच्याकडे? मी मागितली? इतक्या वर्षांत मी एका चित्राला सरळ म्हटलंय? दाखवा कुठे लिहिलंय!"

 हे चित्राकडे बघत होते. मी धापा टाकत होते. मला वाटलं आता हे बाहेर निघून जातील, आणि मी एका शब्दाने सगळं मोडून टाकलं असेल. भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू.  चित्र भित्रं होतं, पण त्या क्षणी मी काही कमी भित्री नव्हते.

हे म्हणाले, "पुन्हा म्हण."

"काय?"

"झाकणाचं."

"खडखडतं," मी म्हटलं. आवाज बसला होता माझा.

ह्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बशी खडखडवणारा तो हात. मग डावा हात मागे करून म्हणाले, "ब्रश."

बेबीने पिशवीचा बंद सोडला होता आधीच. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि सगळ्यात जाड ब्रश त्यांच्या हातात दिला.

"मी उद्या सकाळी येतो," फ्रेमवाले चादर गुंडाळत म्हणाले. "चहा मात्र आत्ता घेतो. किटलीवरून इतकं चाललंय, घशाला कोरड पडली."

मी चहा टाकला. मागच्या खोलीचं दार ह्या वेळी ह्यांनी लोटलं नाही. ओट्यापाशी उभं राहून मला ह्यांचा खांदा दिसत होता आणि ब्रशचा आवाज येत होता, सपसप. मध्येच हे स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, मध्येच मला म्हणाले, "किटली आण. नाही, तशीच, पेटत्या गॅसवर राहू दे. मीच येतो बघायला." आले, किटलीसमोर वाकून उभे राहिले. झाकण नाचत होतं. हे हसले आणि परत गेले. धुकं सगळं नव्या रंगाखाली गेलं होतं. त्या जागी वाफ आली होती, खरी, वर धावणारी.

संध्याकाळी मला बोलावलं. मी खुर्चीत बसले. हे खिडकीशी, पाठ करून. हात पाठीमागे धरलेले नव्हते, बाजूला सोडून दिले होते. हलत होते तर हलत होते.

किटलीला आता एक सलग रेघ होती. बुडापासून तोटीपर्यंत, न थांबता, थरथरत गेलेली. झाकण उडायच्या बेतात होतं. ओट्याची कड वाकडीतिकडी आणि दांडगी. दोन ग्लास एकमेकांना खेटलेले, आता किणकिणतील असे. माझ्या त्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं राबले आणि मला ते असं दिसलं नव्हतं. मी शब्द शोधायला लागले. थरथरतं, नको, ते कुणीही म्हणेल. उकळतं? 'उकळतं' पावसाळी समुद्राला दिलं होतं कधीतरी. जिवंत? शी, ते तर छानचंच मावसभावंड.

"अगं, झोपलीस की काय?" हे खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाले.

"घाई करायची नाही," मी म्हटलं. आणि मग तो आला, न विचारता. "आगाऊ."

"काय?"

"आगाऊ आहे. कुणी विचारलं नसताना बोलणारं. मोठ्यांच्या मध्ये तोंड घालणारं. आगाऊ झालंय तुमचं चित्र."

ह्यांचे खांदे हलायला लागले. मला क्षणभर कळेना, हसतायत की रडतायत. दोन्ही होतं. मी उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि माझंही दोन्ही झालं. मग ह्यांनी चित्र उलटं केलं. मागे आधी 'भित्रं' लिहिलं, त्याच्या खाली 'आगाऊ'. अक्षर डोंगरावरून घसरत आल्यासारखं आलं. पुढची सही तर चित्राच्या बाहेर जाता जाता राहिली. मी म्हटलं, "सहीही आगाऊ." ह्यांनी ती तशीच ठेवली.

प्रदर्शनात ते चित्र हॉलच्या टोकाला, जिन्यासमोर होतं. लोक येत होते, थांबत होते. कुणी म्हणालं, रेषेत केवढी ऊर्जा आहे. कुणी म्हणालं, रचना फार मोकळी आहे. कितीतरी जण छान म्हणाले आणि ह्यांनी प्रत्येकाशी चावऱ्या बुटाचं हसून हात मिळवला. बेबी मात्र बराच वेळ चित्रापुढे उभी होती. तोंड उघडायची, मिटायची. शेवटी म्हणाली, "दादा, मला चहा प्यावासा वाटतोय."

ह्यांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बोललीस," हे म्हणाले, आणि फ्रेमवाल्यांकडून पेन्सिल मागून घेतली.

त्यानंतरच्या सकाळी मी ओट्यापाशी गेले. कपाटातून माझा सोनेरी कडेचा ग्लास गायब. तो खिडकीत होता. त्यात मातकट हिरवं पाणी, आणि पाण्यात चार ब्रश, डोकं खाली घालून. कड रंगाने माखलेली. मागच्या खोलीत ईझलवर कोरा कॅनव्हास चढलेला आणि हे त्याच्यापुढे, सदऱ्याला हात पुसत.

मी तो ग्लास उचलला आणि पोटभर बघून घेतला. मग जो आवाज लावला, की शेजारच्या बाईंचा गॅस पेटल्याचा आवाज मला भिंतीतून आला. गाढव म्हणाले, आळशी म्हणाले, बिनडोक म्हणाले, तोंडाला येईल ते सगळं म्हणाले. एक छान तेवढं म्हणाले नाही.